ल्युमेन भरपूर, तरी वहीवर उजेड कमी : ल्युमेन आणि लक्सचा हिशोब

मांजराकाठ :
औसा तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेचा प्रश्न आहे. खोली ३० बाय २० फूट, वर पत्रा, पत्र्याची उंची १२ फूट. भिंती उघड्या विटांच्या, गिलावा नाही. २० वॅटच्या १० एलईडी ट्यूब पत्र्याखालच्या पाइपांनाच बसवल्यात. खोक्यावर प्रत्येकी २,००० ल्युमेन लिहिलंय, म्हणजे एकूण २०,०००. खोली ५६ चौरस मीटर भरते. भागाकार केला तर साडेतीनशेच्या वर लक्स यायला पाहिजेत, पण लक्स मीटर टेबलावर ठेवला की १३० ते १५० दाखवायलाय. ठेकेदार म्हणतो मीटर खराब, मुलं म्हणतात उजेड खराब. कोण बरोबर? आणि नवीन ट्यूबा न वाढवता काही होईल का?

तारजोड :
मुलंही बरोबर आणि मीटरही बरोबर. भागाकारात चूक नाही, पण तो अर्धाच झालाय.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांनी मिळून निघणारा एकूण प्रकाश. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर प्रत्यक्ष पडलेले ल्युमेन. मोटारीच्या तोंडाशी निघालेले लिटर आणि वाफ्यात साचलेले मिलिमीटर, एवढा हा फरक आहे. मधल्या पाटात पाणी मुरतं, ते कुणी मोजत नाही. तुमच्या खोलीत हा पाट म्हणजे पत्रा आणि विटा. ट्यूबचा बराच प्रकाश आडवा आणि वर जातो. पांढऱ्या रंगाची भिंत त्यातला ७० ते ८० टक्के परत फेकते, उघडी वीट कशीबशी २० ते ३०, आणि गंजलेला पत्रा त्याहून कमी.

म्हणून हिशोबात दोन गुणक घालतात. पहिला वापर गुणक, म्हणजे निघालेल्या प्रकाशापैकी किती टेबलाच्या पातळीवर पोचतो. दुसरा देखभाल गुणक, म्हणजे धूळ आणि जुनेपणा धरून पुढं किती उरतो. तुमचं मोजमाप १४० धरलं तर १४० भागिले ३५७, म्हणजे वापर गुणक ०.३९. उघड्या विटांच्या, पत्र्याच्या खोलीत हा आकडा अगदी अपेक्षित आहे. ट्यूबा खोक्यावरचं वचन पाळत असाव्यात, खोली पाळत नाही.

वर्गखोलीसाठी आयएस ३६४६ या भारतीय मानकातला मधला आकडा ३०० लक्स आहे. तो धरून ट्यूबांची संख्या अशी काढायची : हवे ते लक्स गुणिले क्षेत्रफळ, भागिले एका ट्यूबचे ल्युमेन, वापर गुणक आणि देखभाल गुणक या तिन्हींचा गुणाकार. इथं ३०० गुणिले ५६ म्हणजे १६,८००. आहे त्या खोलीत गुणक ०.३९ आणि देखभालीचा ०.८ धरला तर २७ ट्यूबा लागतात. भिंती आणि छत पांढरं करून गुणक ०.५५ वर नेला तर १९. आठ ट्यूबा आणि त्यांचं दर महिन्याचं बिल फक्त रंगावर वाचतं.

बिंदुसरा :
+१. ठेकेदाराला एकच विचारा, "टेबलावर किती लक्स देतोस ते लिहून दे." कोटेशनमध्ये वॅट आणि ल्युमेन लिहिणं सोपं असतं, कारण ते खोक्यावरून उतरवायचे असतात.

दुधना :
ट्यूबा साखळीनं खाली घ्या की. आता टेबलापासून साडेनऊ फुटांवर आहेत, त्या सहा फुटांवर आणल्या तर अंतराच्या वर्गाच्या नियमानं उजेड अडीच पट होईल. फुकटातलं काम आहे.

तारजोड :
दुधना, खाली घ्या हे बरोबर, पण अडीच पटीची आशा नको. अंतराच्या वर्गाचा नियम एकट्या, लहान दिव्यासाठी आहे. प्रकाशाचा स्रोत जेवढ्या लांबीचा आहे त्याच्या साधारण पाचपट अंतरावर तो नीट लागू होतो. चार फुटी ट्यूबसाठी ते अंतर २० फूट झालं. शिवाय खोलीत दहा ट्यूबा आहेत. एक खाली आणली की तिच्या थेट खालच्या टेबलाला जास्त मिळतं, शेजारच्याला कमी. एकूण ल्युमेन तेवढेच आहेत, ते कुठून वाढणार?

खाली घेतल्यानं वाढतो तो वापर गुणक, कारण भिंतीवर वाया जाणारा वाटा घटतो. त्यासाठी खोलीचा निर्देशांक काढतात : लांबी गुणिले रुंदी, भागिले दिव्याची टेबलापासूनची उंची आणि लांबी-रुंदीची बेरीज यांचा गुणाकार. साडेनऊ फुटांवर तो १.२६ येतो, सहा फुटांवर २. या फरकानं उघड्या ट्यूबचा गुणक साधारण एक-दशांशाच्या आसपास सुधारतो. रंगाचं काम त्याच्यासोबत केलं तर ०.५५ आरामात गाठता येतं. मग त्याच दहा ट्यूबांत १९६ लक्स मिळतील. ट्यूबमागं पांढरा पत्र्याचा रिफ्लेक्टर लावला तर वर जाणारा प्रकाशही खाली वळेल. उघड्या पत्र्याच्या छताखाली हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

एक जपायचं. दोन ओळींमधलं अंतर टेबलापासूनच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. सहा फूट उंचीवर ते नऊ फूट. त्यापुढं गेलात तर मधल्या टेबलांवर काळे पट्टे दिसतील. आणि पंख्याच्या पात्याच्या वर ट्यूब कधीही नको, पातं फिरलं की वहीवर सावल्या नाचतात.

मन्याड :
एक गोष्ट कुणी विचारली नाही. टेबलं उघडी आहेत की कप्प्यांची?

मांजराकाठ :
कप्प्यांची. २४ जागा, तिन्ही बाजूंनी प्लायचा आडोसा, दीड फूट उंच.

मन्याड :
मग सरासरी लक्सवर विसंबू नका. कप्पा हा खोलीच्या आतली दुसरी खोली असतो. वरून येणारा तिरका प्रकाश आडोशावर अडतो. खोलीत ३०० लक्स असले तरी कप्प्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं पुस्तक ठेवतात, तिथं निम्म्याच्या खालीही येऊ शकतो. आडोसा गडद लाकडी रंगाचा असेल तर अजून वाईट. आतून पांढरा किंवा फिका पिवळा सनमायका लावा.

माझं मत : १९ ट्यूबांच्या मागं लागूच नका. आहेत त्या दहा ट्यूबांनी खोलीत दीडशे ते दोनशे लक्स ठेवा आणि प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र छोटा दिवा द्या. ५ वॅटचा एलईडी साधारण ४५० ल्युमेन देतो. तो टेबलापासून ४५ सेंटिमीटरवर, खाली तोंड करून, अर्ध्या झाकणात बसवला तर थेट खाली ५०० लक्सच्या वर जातो. जवळ आणि लहान दिवा असल्यानं दुधनांचा वर्गाचा नियम इथं मात्र नीट चालतो. २४ दिवे म्हणजे १२० वॅट. नऊ जास्तीच्या ट्यूबा १८० वॅट खातात आणि कप्प्यात तरीही अंधारच ठेवतात. शिवाय रात्री अकरा वाजता चार मुलं बसली तर चारच दिवे जळतील.

दिवा समोरच्या फळीला मध्यभागी लावू नका, चकचकीत कागदावरून थेट डोळ्यात उसळी येते. डावीकडं सरकवून लावा, उजव्या हातानं लिहिणाऱ्याची सावली पानावर पडत नाही. डावखुऱ्यासाठी दोन कप्पे उलटे ठेवा.

गिरिजा :
कप्प्यांत १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली तर? वायरिंग सोपी आहे, शॉकची भीती नाही.

मन्याड :
चालते, पण वायरीत मार खाल्ला जातो. मीटरला ५ वॅटची पट्टी, प्रत्येक कप्प्यात ६० सेंटिमीटर, म्हणजे कप्प्याला ३ वॅट. २४ कप्प्यांना ७२ वॅट, १२ व्होल्टवर ६ अँपिअर. १०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा, पुरेल, ७५ चा घेऊ नका, पत्र्याखाली उन्हाळ्यात तो तापून बंद पडतो.

आता वायर. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. १० मीटर जाऊन परत यायला २० मीटर, ६ अँपिअरवर घट जवळजवळ दीड व्होल्ट. सगळा भार शेवटच्या टोकाला धरून केलेला हा वाईटात वाईट हिशोब, पण १२ मधले दीड गेले तर शेवटच्या कप्प्यातली पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी मंद होते. म्हणून एसएमपीएस मध्यभागी ठेवा, दोन्हीकडं १२-१२ कप्प्यांच्या दोन ओळी काढा आणि अडीच चौरस मिलिमीटर वायर वापरा. मग ओळीत ३ अँपिअर आणि १० मीटरला घट अर्ध्या व्होल्टच्या आत. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत चिकटवा, नुसत्या प्लायवर चिकटवली तर उष्णता जायला जागा नसते आणि वर्षभरात पिवळी पडायला लागते.

पूर्णाकाठ :
मोबाइलमधलं लक्सचं ॲप चालेल का? मीटर कुठं शोधत बसायचा.

तारजोड :
एका खोलीत "इथं जास्त, तिथं कमी" हे बघायला चालेल. ठेकेदाराशी भांडायला नाही. फोनचा उजेड ओळखणारा सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, तो स्क्रीनची चमक बदलण्यासाठी बसवलेला आहे. वरून येणारा प्रकाश तो बरा पकडतो, बाजूचा मात्र काचेमुळं सोडून देतो. चांगल्या मीटरवर पांढरी घुमटी असते ती याचसाठी : तिरक्या प्रकाशाला त्याच्या कोनाप्रमाणं योग्य वजन मिळावं म्हणून.

मीटरनं मोजायची पद्धत :
सूर्य मावळल्यावर मोजा. ट्यूबा २० ते ३० मिनिटं आधी लावून ठेवा, थंड एलईडी थोडा जास्त प्रकाश देतो. सेन्सर टेबलावर सपाट ठेवा, हातात तिरका धरू नका. मोजणाऱ्यानं वाकून बघायचं नाही, पांढरा सदराही वाचन बदलतो. खोलीचा निर्देशांक १ ते २ च्या मधे असेल तर निदान ९ ठिकाणी मोजा, अचूक हवं असेल तर १६. या खोलीत चार बाय चारची जाळी आखली की झालं, भिंतीपासून मात्र जाळीच्या दोन बिंदूंमधल्या अंतराच्या निम्मं सोडा. सोळाची सरासरी काढा, आणि सगळ्यात कमी वाचनाला सरासरीनं भागा. ०.७ च्या खाली आलं तर दिवे असमान लागलेत. कप्पे आहेत म्हणून प्रत्येक कप्प्यात पुस्तकाच्या जागी एक वेगळं वाचन घ्या, ते सरासरीत मिसळू नका.

कयाधू :
हाच घोळ सौर पथदिव्यांत होतो. ग्रामपंचायतीच्या मागणीत "१२ वॅट, १२०० ल्युमेन" लिहितात आणि रस्त्यावर काय पडतं ते कुणी बघत नाही. नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या १२ वॅटच्या पथदिव्याच्या तपशिलात अट लक्समध्ये होती : ४ मीटर उंचीवरून ४ मीटर व्यासाच्या परिघावर किमान १६ लक्स. ती अट चांगली होती, कारण टेप आणि मीटर घेऊन कुणीही तपासू शकतो.

१२०० ल्युमेन साध्या सपाट दिव्यातून पसरले तर थेट खाली सुमारे ३८० कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) मिळतात. ४ मीटरवर, २ मीटर बाजूला, कोन आणि अंतर धरून ते १५ लक्सच्या आसपास उतरतं. म्हणजे १६ ची अट गाठायला दिवा १०० ल्युमेन प्रति वॅटच्या थोडा वर हवा किंवा भिंग थोडं बरं हवं. तोच दिवा ६ मीटर खांबावर चढवला तर थेट खालचा लक्स ४ मीटरच्या मानानं निम्म्याहून खाली येतो. त्याबदल्यात पसरतो जास्त. गावात खांब उंच घ्यायची हौस असते. गल्लीच्या चौकाला ४ मीटरचा खांब पुरतो.

रस्त्यांसाठी आयएस १९४४ या भारतीय मानकात वर्गवारी आहे : मोठ्या वर्दळीच्या रस्त्याला सरासरी ३० लक्स, त्याखालच्याला १५, दुय्यम रस्त्यांना ८ आणि कमी वर्दळीच्या गल्लीला ४. चार लक्स ऐकायला कमी वाटतं. पौर्णिमेच्या चांदण्याला पाव लक्सही क्वचितच मिळतो. तेव्हा ४ लक्स जर सलग असतील तर पुष्कळ. सलग असणं महत्त्वाचं : खांबाखाली ४० आणि पुढं २० मीटर शून्य, असा रस्ता जास्त धोक्याचा.

शिवारात_राती :
अवांतर, पण शेतकऱ्यांच्या कामाचं. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाताना टॉर्च लागतो. बाजारात "१०,००० ल्युमेन" लिहिलेले हेडलँप साडेतीनशे रुपयांत मिळायलेत. त्यात १८६५० मापाचा एक लिथियम सेल असतो. ३.७ व्होल्ट गुणिले अडीच अँपिअर-तास म्हणजे साधारण ९ वॅट-तास. वॅटला १०० ल्युमेन धरले तरी सगळा सेल मिळून ९०० ल्युमेन-तास. १०,००० ल्युमेन खरंच निघाले तर सेल पाच-सहा मिनिटांत संपायला पाहिजे, आणि डोक्यावर १०० वॅटचा तवा तापायला पाहिजे. खरा आकडा २००-३०० असतो.

दुसरं, लांब किती दिसतं ते ल्युमेनवर नाही, कँडेलावर ठरतं. टॉर्चच्या खोक्यावर जे "बीम अंतर" असतं, ते प्रकाश पाव लक्सवर उतरतो तिथपर्यंतचं. सूत्र सोपं : कँडेलाचं वर्गमूळ गुणिले २, उत्तर मीटरमध्ये. २,५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० ला २००. ३०० ल्युमेन अरुंद झोतात दाबले तर बांधाच्या पलीकडचं दिसेल आणि पायाखालचा साप दिसणार नाही. दारं धरायला रुंद झोताचा, २०० ते ३०० ल्युमेनचा हेडलँप घ्या. लांबचं बघायला हातात वेगळा टॉर्च. मोटार चालू आहे की नाही हे दुरून बघायचं असेल तर स्टार्टरच्या पेटीवरच लाल इंडिकेटर लावा, टॉर्चची गरजच नाही.

बिंदुसरा :
"१०० वॅटचा तवा" आवडला.

पाखरमाळ :
कोंबड्यांच्या शेडमध्येही लक्सच बघावा लागतो, आणि तिथं जास्त उजेड हाच दोष. अंडी देणाऱ्या पक्ष्यांना नैसर्गिक आणि कृत्रिम मिळून १६ तास, खाद्याच्या नळीजवळ १० ते १५ लक्स पुरतात. २५-३० च्या वर गेलं की टोचाटोची वाढते. १०० बाय ३० फुटांचं शेड म्हणजे २८० चौरस मीटर. १५ लक्सला ४,२०० ल्युमेन पोचायला हवेत. वापर आणि धूळ मिळून निम्मे जातात असं धरलं तर ८,४००, म्हणजे ९ वॅटचे ९-१० बल्ब. पिंजरे तीन मजली असतील तर खालच्या मजल्यावर मोजा, वरचं वाचन फसवं असतं. पिसांची धूळ महिन्यात बल्बवर थर धरते, ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या कापडानं, लाइट बंद करून पुसा. आणि अंडी सुरू झाल्यावर प्रकाशाचे तास कधीही घटवू नका.

शेडनेट_जालना :
लक्सवाल्यांसाठी एक इशारा. रोपांसाठी हे दोन्ही आकडे आंधळे आहेत. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेनं तोललेले असतात, आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त मान देतो : तिथं एका वॅटचे ६८३ ल्युमेन होतात. लाल-निळ्याला तो कमी मोजतो, आणि पानाला नेमकं तेच जास्त कामाचं. उन्हात जमतं, कारण उन्हाचा रंग ठरलेला आहे : साधारण ५४ लक्सला १ मायक्रोमोल (पानाला उपयोगी प्रकाशकणांचं, दर सेकंदाला दर चौरस मीटरवरचं माप). मे महिन्यात दुपारी १,००,००० लक्स म्हणजे सुमारे १,८५० मायक्रोमोल, ५० टक्क्यांच्या जाळीखाली त्याच्या निम्मे. पण लाल-निळ्या एलईडीखाली हा ५४ चा आकडा लावला तर उत्तर साफ चुकतं. तिथं मायक्रोमोल मोजणारं वेगळंच मीटर लागतं.

खामकाठ :
उलट दिशेचं उदाहरण : अजिंठ्याची चित्रं. संग्रहालयांत प्रकाशानं लवकर उडणाऱ्या रंगांसाठी ५० लक्सची मर्यादा धरतात, आणि त्यातही लक्स गुणिले तास असा हिशोब ठेवतात. ५० लक्स दहा तास आणि ५०० लक्स एक तास, दोन्हीत रंगावर पडलेली मात्रा तेवढीच. म्हणून अंधारात लेणं दाखवणाऱ्यानं मोठ्या झोताचा टॉर्च एकाच आकृतीवर रोखून धरू नये. तिथं ल्युमेन किती हा प्रश्नच नाही, भिंतीवर किती आणि किती वेळ, एवढंच.

मांजराकाठ :
रंग, रिफ्लेक्टर आणि कप्प्यांतले दिवे, असं ठरवतोय. एक शेवटचं. गावात संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० पर्यंत उतरतं. त्यानं लक्स किती पडेल?

तारजोड :
दिव्याच्या आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटवर आहे. पिवळ्या जुन्या बल्बचा प्रकाश व्होल्टेज १० टक्के घसरलं की ३० टक्के घसरायचा. एलईडीत चांगला ड्रायव्हर असेल तर १४० ते २७० व्होल्टपर्यंत उजेड बदलत नाही. ही मर्यादा खोक्यावर लिहिलेली असते, ती बघून घ्या. स्वस्त ट्यूबांत एलईडीच्याच पट्टीवर छोटी चिप बसवलेली असते, वेगळा ड्रायव्हर नसतो. तिच्यात १७० व्होल्टला उजेड निम्मा होतो किंवा ट्यूब लुकलुकते. तपासायचं तर मीटर टेबलावर ठेवून आधी दुपारी, खिडक्या झाकून, २३० ला वाचन घ्या, मग संध्याकाळी कमी व्होल्टेजला. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर ट्यूब बदलून मागा.

लुकलुक मात्र लक्स मीटरला दिसत नाही. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून ट्यूबकडं धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ती ट्यूब अभ्यासिकेत नको, शेजारच्या स्टोअरला लावा.